जॉन स्कॉट हाल्डेन : पाणबुड्यांना सुखरूप वर आणणारा शास्त्रज्ञ



सुट्टी लागली की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं मालवण-तारकर्लीला जातात. तिथे आता किल्ला आणि मासळीच्या ताटाबरोबर स्कूबा डायव्हिंग हेही मोठं आकर्षण झालंय. सुट्टीनंतर वर्गात दोन-तीन मुलं तरी पाण्याखालचा व्हिडिओ दाखवतात आणि बाकीची मुलं घरी जाऊन हट्ट धरतात. मग पालकांचा प्रश्न येतो, सर, हे सुरक्षित असतं का हो?

पाण्यात उतरण्याआधी प्रशिक्षक तिथे काही सूचना देतात. श्वास रोखून धरायचा नाही. कान दुखला की लगेच खूण करायची. वर येताना घाई करायची नाही. खोल जाणाऱ्यांना तर वर येताना मध्येच काही मिनिटं थांबावं लागतं. मुलांना या सूचना नियमांच्या यादीसारख्या वाटतात, पण यातल्या घाई न करण्याच्या आणि थांबण्याच्या सूचनेमागे एका माणसाचं मोठं काम आहे. त्यांचं नाव जॉन स्कॉट हाल्डेन. दाब, वायू, श्वसन, रक्ताभिसरण हे घटक शिकवताना त्यांचं चरित्र फार उपयोगी पडतं, म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर.

बालपण आणि शिक्षण

हाल्डेन यांचा जन्म २ मे १८६० रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. घराणं जुनं आणि सुखवस्तू. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. जॉन यांनी एडिंबरा विद्यापीठातून १८८४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. दवाखाना थाटून आरामात जगता आलं असतं, पण त्यांना एका साध्या प्रश्नानं पछाडलं होतं. माणूस श्वासातून जी हवा आत घेतो तिच्यात नेमकं काय असतं, आणि ती बिघडली की शरीराचं काय होतं?

नोकरी लागली ती डंडी या गिरणगावात. तिथे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गरिबांच्या खोल्यांमधली आणि शाळांमधली हवा तपासायला सुरुवात केली. माणसं दाटीवाटीनं झोपलेली असताना खोलीतली हवा कशी असते हे बघायला ते रात्री-अपरात्री वस्तीत जायचे आणि बाटल्यांमध्ये हवेचे नमुने भरून आणायचे. १८८७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्ग भरलेला असताना खिडक्या उघड्या ठेवा असं आपण सहज सांगतो, पण बंद खोलीतल्या हवेचं मोजमाप करून ती गोष्ट आकड्यांत मांडणाऱ्या सुरुवातीच्या लोकांमध्ये हाल्डेन होते.

पुढे ते ऑक्सफर्डला आले. तिथे त्यांचे मामा शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९१ मध्ये लुईसा कॅथलीन ट्रॉटर यांच्याशी लग्न झालं. दोन मुलं, जॅक आणि नाओमी. घरातच प्रयोगशाळा होती, त्यामुळे मुलांचं खेळणं आणि वडिलांचं संशोधन एकाच छपराखाली चालायचं.

खाणीतला अदृश्य मारेकरी

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ५७ माणसं गेली. लोकांचा समज असा की ही माणसं स्फोटाच्या तडाख्यानं किंवा भाजून मेली असणार. हाल्डेन तिथे पोचले, मृतदेह तपासले, आणि त्यांच्या लक्षात आलं की बहुतेकांचा जीव घेतला तो कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूनं. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि ऑक्सिजनची जागाच अडवतो. म्हणजे स्फोटातून वाचलेली माणसं बाहेर येता येता वाटेत मेली होती.

हा वायू शरीरात काय करतो हे हाल्डेन यांना आधीच ठाऊक होतं, कारण १८९५ च्या सुमारास त्यांनी तो स्वतः मोजून हुंगला होता. रक्तातलं निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन त्या वायूनं व्यापेपर्यंत त्यांनी प्रयोग चालू ठेवला आणि लक्षणं लिहून काढली. (मुलांना हे सांगताना एक गोष्ट बजावून सांगायची. ते प्रशिक्षित डॉक्टर होते, वायूचं प्रमाण मोजत होते. हा अनुकरणाचा विषय नाही.)

यावर त्यांनी सुचवलेला उपाय फार साधा होता. खाणीत उतरताना उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्यायचा. छोट्या जिवाचं श्वसन आणि रक्ताभिसरण वेगवान, म्हणून विषाचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या कितीतरी आधी दिसतो. पक्षी डुलायला लागला की माणसांनी लगेच बाहेर पडायचं. ब्रिटनच्या खाणींमध्ये ही पद्धत थेट १९८६ पर्यंत टिकली, मग तिची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली.

इथे एक मुद्दा नोंदवून ठेवू या, कारण तो पुढे समुद्रात कामाला येतो. कॅनरी हे झालं साधन. पण पक्षी पडलेला दिसूनही खाणकामगार पुढे चालत राहिला, तर त्या साधनाचा काय उपयोग? साधनाचा इशारा ओळखायचा आणि ओळखल्यावर माघारी फिरायचं, हे शिकवावंच लागतं.

समुद्राखालचं कोडं

त्या काळी पाणबुडे आजच्यासारखे सिलिंडर पाठीला लावून उतरत नसत. अंगात रबर लावलेला कॅनव्हासचा जाड पोशाख, डोक्यावर तांब्याचं मोठं हेल्मेट, पायात शिशाच्या तळव्यांचे बूट. सगळा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा बोजा. वर जहाजावर माणसं हातपंप मारायची आणि नळीतून हवा हेल्मेटमध्ये जायची.

या पाणबुड्यांना दोन त्रास होते. पहिला, खोल गेल्यावर धाप लागायची, डोकं गरगरायचं, कधी शुद्धच हरपायची. दुसरा त्रास वर आल्यानंतरचा. सांध्यांमध्ये असह्य कळा, अंगावर खाज, कधी पाय लुळे पडणं, तर कधी मृत्यू. पुलांच्या पायासाठी नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांनाही हाच आजार व्हायचा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांना १८७२ मध्ये त्यानं कायमचं अधू केलं होतं.

कारण फ्रान्सच्या पॉल बेर या शास्त्रज्ञानं १८७८ मध्ये सांगितलं होतं. आपण श्वासातून घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो शरीराला त्रास देत नाही. पण दाब वाढला की तो रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. दाब एकदम कमी झाला की विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडतो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की क्षणात फसफस होते, तसंच काहीसं माणसाच्या अंगात होतं.

कारण कळलं होतं, पण पाणबुड्यानं नेमकं किती वेळात आणि कसं वर यायचं, हे कुणीच आकड्यांत सांगू शकत नव्हतं. सावकाश या, एवढाच सल्ला होता. सावकाश म्हणजे किती? १९०५ मध्ये ब्रिटिश नौदलानं हा प्रश्न सोडवायला समिती नेमली आणि तिच्यात हाल्डेन आले.

हेल्मेटमधली हवा

खाणी आणि वस्त्या तपासलेल्या माणसानं इथेही तेच केलं. त्यांनी पाण्याखालच्या हेल्मेटमधल्या हवेचे नमुने मिळवले. निष्कर्ष असा निघाला की धाप लागण्याचा दोष खोलीचा नव्हता. पाणबुड्याच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड हेल्मेटमध्ये साचत होता, कारण वरून येणारी हवा अपुरी पडत होती.

गणित सोपं आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब १ वातावरण. पाण्यात दर १० मीटरला साधारण १ वातावरण दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर २, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. पंपातून निघालेली तेवढीच हवा ३० मीटरवर दाबली जाऊन चौथ्या हिश्शाएवढी जागा व्यापते. हेल्मेट धुऊन निघायचं असेल तर ३० मीटरवर चौपट हवा पाठवायला हवी. पण वरची माणसं जवळपास त्याच वेगानं पंप मारत राहायची, शिवाय जास्त दाबाला पंप गळायचे ते वेगळंच.

मग ठरलं की पंप वेळोवेळी तपासायचे, गळती मोजायची, आणि खोलीच्या प्रमाणात हवा वाढवायची. जी गोष्ट आजवर पाणबुड्याच्या कमकुवतपणावर ढकलली जात होती, ती पंपाची निघाली. धीट असो वा भित्रा, साचलेल्या कार्बन डायऑक्साइडपुढे दोघांची गत एकच होणार.

शेळ्या आणि लोखंडी टाकी

दुसरा त्रास जास्त अवघड होता. लंडनच्या लिस्टर संस्थेत एक मोठी पोलादी टाकी होती. तिच्यात हवा भरून दाब वाढवता यायचा. हाल्डेन यांच्या जोडीला आर्थर बॉयकॉट नावाचे डॉक्टर आणि नौदलातले पाणबुडे लेफ्टनंट गाय डेमंट होते. प्रयोगासाठी त्यांनी शेळ्या निवडल्या. उंदीर-ससे लहान, त्यांच्या अंगातून वायू भराभर निघून जातो. सहज मिळणाऱ्या प्राण्यांमध्ये शेळी त्यातल्या त्यात माणसाच्या जवळची. शिवाय सांधा दुखायला लागला की ती पुढचा पाय उचलून धरते, म्हणजे त्रास डोळ्यांना दिसतो.

त्या शेळ्यांना वेदना झाल्या, काही मेल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल मुलं आज प्रश्न विचारतील, आणि ते विचारलेच पाहिजेत. त्या चर्चेला वर्गात जागा द्यावी.

प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट कळली. २ वातावरण दाबातून एकदम १ वर आणलं तर शेळ्यांना सहसा काही होत नव्हतं. ४ वरून २ वर आणलं तरी तेच. पण ४ वरून थेट १ वर आणलं की त्रास सुरू. म्हणजे दाब किती वातावरणांनी घटला यापेक्षा किती पटीनं घटला हे महत्त्वाचं. दाब निम्म्यावर येईपर्यंत शरीर सांभाळून घेतं, त्यानंतर थांबावं लागतं.

दुसरी गोष्ट अशी की शरीराचे सगळे भाग सारख्या वेगानं नायट्रोजन घेत नाहीत. पाण्यात मलमलीचं फडकं आणि गोधडी टाकून बघा. फडकं झटकन भिजतं आणि झटकन वाळतं. गोधडी भिजायला वेळ लावते, आणि वाळायला तर त्याहून जास्त. ज्या ऊतींना रक्ताचा भरपूर पुरवठा आहे त्या फडक्यासारख्या, आणि चरबीसारख्या ऊती गोधडीसारख्या. हाल्डेन यांनी हिशेबासाठी ऊतींचे पाच गट कल्पिले. ते निम्मे भरायला अनुक्रमे ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं लागतात असं धरलं, आणि त्यावरून तक्ते तयार केले. किती खोल गेलात, किती मिनिटं राहिलात, त्यावरून वर येताना कुठे आणि किती मिनिटं थांबायचं ते तक्त्यात बघायचं.

आधीच्या पद्धतीत पाणबुडा तळापासून पृष्ठभागापर्यंत एकाच संथ गतीनं वर यायचा. हाल्डेन यांनी दाखवलं की खोलवर असा वेळ काढला तर गोधडीसारख्या ऊती उलट आणखी भरत राहतात. म्हणून सुरुवातीचा टप्पा लवकर पार करायचा आणि पृष्ठभागाजवळ १०-१० फुटांच्या टप्प्यांवर थांबत यायचं.

स्कॉटलंडच्या समुद्रात

टाकीतला हिशेब समुद्रात खरा उतरतो का हे बघायला १९०६ च्या उन्हाळ्यात सगळे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. तिथे डेमंट आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू कॅटो हे २१० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोल गेले आणि तक्त्याप्रमाणे थांबत सुखरूप वर आले.

हाल्डेन यांचं कुटुंबही सोबत होतं. तेरा वर्षांचा जॅक हट्टाला पेटला आणि त्यालाही पोशाख चढवून पाण्यात उतरवलं गेलं. पण पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा. मनगटाशी तो घट्ट बसेना आणि तिथून गार पाणी आत शिरू लागलं. हवेच्या झडपेवर लक्ष ठेवून पोरानं पाणी छातीवर चढू दिलं नाही, आणि तो कुडकुडत पण धडपणे वर आला.

जॅकच्या धिटाईचं कौतुक म्हणून ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. शिक्षकांनी आणि पालकांनी तिच्यातला दुसरा भाग बघावा. मुलाला दोन गोष्टींनी वाचवलं, झडप कशी चालवायची हे त्याला माहीत होतं आणि वर लक्ष ठेवणारी जाणती माणसं होती. त्याला संकटात टाकलं ते मापाबाहेरच्या पोशाखानं. साधन उत्तम असून भागत नाही, ते वापरणाऱ्याच्या अंगाला बसलं पाहिजे.

मुलाला शिकवण्याची हाल्डेन यांची पद्धत एकंदरीत अशीच होती. एकदा त्यांनी जॅकला खाणीत नेलं आणि छताजवळ उभं करून शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकातलं अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. थोड्या वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली बसला. जमिनीलगत आल्यावर तो पुन्हा नीट श्वास घेऊ लागला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि छताशी साचतो, हे त्याला आयुष्यभर विसरणं शक्य नव्हतं. आज अशा पद्धतीनं कुणी शिकवणार नाही आणि शिकवूही नये. पण धोका कसा जाणवतो हे माहितगाराच्या देखरेखीखाली अनुभवलेलं असलं की खऱ्या वेळी माणूस गोंधळत नाही, हे तत्त्व आजच्या डायव्हिंग प्रशिक्षणातही आहे.

तक्ता कामाला लागला

१९०८ मध्ये हाल्डेन, बॉयकॉट आणि डेमंट यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ब्रिटिश नौदलानं तक्ते स्वीकारले, पुढे इतर देशांनीही.

त्यांची मोठी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. जानेवारी १९१७ मध्ये लॉरेंटिक नावाचं जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ सुरुंगांवर आदळून बुडालं. त्यात सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. खोली सुमारे ४० मीटर, पाणी थंड, प्रवाह जोरदार, आणि सांगाडा दिवसेंदिवस चेपत चाललेला. हे काम डेमंट यांच्याकडे आलं. १९२४ पर्यंत त्यांच्या तुकडीनं ३,१८६ विटा वर काढल्या. त्यासाठी हजारो बुड्या मारल्या गेल्या, पण एकही पाणबुडा दगावला नाही.

शेवटची थांबण्याची मिनिटं पाणबुड्याला किती नकोशी होत असतील याचा विचार करा. अंग गारठलेलं, जहाज डोक्यावर दिसतंय. तरी तक्त्यातली मिनिटं पुरी केल्याशिवाय वर यायचं नाही. तक्ता कागदावर छापता येतो, पण तो पाळण्याची सवय सरावानंच लागते. डेमंट यांनी ती सवय आपल्या माणसांना लावली होती.

युद्ध आणि अखेर

एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्यानं क्लोरीन वायू सोडला. हाल्डेन यांना ताबडतोब आघाडीवर धाडण्यात आलं. वायू कोणता ते त्यांनी ओळखलं आणि परत येऊन बचावाचे मुखवटे तयार करण्याच्या कामाला लागले. मुखवटा चालतो का हे बघायला वायूच्या खोलीत ते स्वतः बसायचे. उंच डोंगरावरची विरळ हवा, खाणीतली धूळ, उष्णतेचा शरीरावर होणारा परिणाम, असं त्यांचं काम शेवटपर्यंत चालू राहिलं. १९३४ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. पंचाहत्तरी उलटलेली असताना ते उष्माघाताचा अभ्यास करायला इराण-इराककडच्या तेलक्षेत्रात जाऊन आले. परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डच्या घरी त्यांचं निधन झालं.

त्यांचा जॅक म्हणजेच जे. बी. एस. हाल्डेन हे जगप्रसिद्ध जनुकशास्त्रज्ञ. १९३९ मध्ये थेटिस ही पाणबुडी बुडून ९९ जण गेले, तेव्हा वडिलांच्या वाटेनं जाऊन त्यांनी दाबाच्या टाकीत स्वतःवर प्रयोग केले. जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनही विषासारखा वागतो आणि झटके आणतो, याचा त्यांनी स्वतः अनुभव घेतला. १९५७ मध्ये ते भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं, कोलकाता आणि भुवनेश्वरला काम केलं. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. तेराव्या वर्षी ढगळ पोशाखात पाण्यात उतरलेला तो मुलगा शेवटी आपला झाला होता.

आजचं स्कूबा आणि हाल्डेन

१९४३ मध्ये फ्रान्सचे नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी असा रेग्युलेटर तयार केला की पाणबुडा श्वास घेईल तेव्हाच, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानं, सिलिंडरमधली हवा त्याला मिळावी. उच्छ्वास सरळ पाण्यात जातो. हेल्मेटमध्ये कार्बन डायऑक्साइड साचण्याचा हाल्डेन यांच्या काळातला प्रश्न साधनानंच सोडवला.

पण त्याबरोबर एक गोष्ट बदलली. पूर्वी घड्याळ आणि तक्ता जहाजावरच्या माणसाच्या हातात असायचा, दोरीही त्याच्याच हातात. स्कूबात नळीही नाही, दोरीही नाही. किती खोल आहोत, हवा किती उरली, किती वेगानं वर जातोय, हे सगळं डायव्हरनं स्वतः बघायचं. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर ऊतींचा हिशेब करतो, आणि त्यातली मूळ कल्पना हाल्डेन यांच्या पाच गटांचीच आहे. त्यांच्या निम्म्या दाबाच्या नियमात पुढच्या संशोधनानं बऱ्याच दुरुस्त्या केल्या, त्यामुळे आज जुना तक्ता न वापरता नव्या मर्यादाच पाळायच्या. कॉम्प्युटर थांबा म्हणाला तरी थांबायचं की नाही हे मात्र माणूसच ठरवतो. म्हणून साधनं जितकी सुटसुटीत झाली, तितकी प्रशिक्षणाची गरज वाढली.

श्वास न रोखण्याचा नियमही इथेच समजून घ्या. १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत फुगून दुप्पट होते. श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही, दोन-तीन मीटरवरूनही हे घडू शकतं. त्यामुळे उथळ पाण्यात काय होणार, हा समज सोडून द्यायला हवा.

पालकांनी आणि सहल नेणाऱ्या शिक्षकांनी विचारायचे प्रश्न

१. पाण्यात उतरण्याआधी तब्येतीची चौकशी आणि तसा फॉर्म आहे का? दमा, कानाचा त्रास, सर्दी असेल तर खरं सांगायचं. पैसे भरलेत म्हणून लपवायचं नाही.
२. मास्क आणि जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का? जॅकचं मनगट आठवा.
३. एका प्रशिक्षकाकडे किती मुलं? पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलासोबत पूर्णवेळ एक प्रशिक्षक असलेला बरा.
४. किनाऱ्यावर किंवा उथळ पाण्यात सराव करून घेतात का? मास्कमध्ये आलेलं पाणी काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर परत लावणं, कान मोकळे करणं आणि हाताच्या खुणा एवढं तरी मुलाला जमलं पाहिजे. सूचना मुलाला कळेल अशा भाषेत हव्यात.
५. मूल नको म्हणालं तर थांबवतात का? भीती वाटली तर ती सांगणं हा सुरक्षिततेचाच भाग आहे.
६. बोटीवर ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची सोय आहे का?
७. परतीचा प्रवास केव्हा? बुडीनंतर लगेच विमानात बसू नये. एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबण्याची शिफारस आहे. उंचावर दाब आणखी कमी होतो, म्हणून खोल किंवा पुन्हा पुन्हा बुड्या मारणाऱ्यांनी घाट चढून परतण्याआधीही प्रशिक्षकाला विचारावं.

मुलाला गोडी लागली तर रीतसर अभ्यासक्रम करावा. बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्था दहाव्या वर्षापासून कनिष्ठ डायव्हरचं प्रशिक्षण देतात, तेही खोलीच्या मर्यादेत आणि मोठ्यांच्या सोबतीनं.

वर्गात करून बघण्यासाठी

सोड्याच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीचं झाकण एकदम उघडा, दुसरीचं किंचित फिरवून थांबा, पुन्हा किंचित फिरवा. दोन्हींतले बुडबुडे मुलांना बघू द्या आणि कारण त्यांनाच सांगू द्या. मग सुई नसलेली सिरिंज द्या. तिचं तोंड बोटानं बंद करून दट्ट्या दाबला की आतली हवा किती जागा व्यापते ते मोजायला लावा. शेवटी फळ्यावर ०, १०, २०, ३० मीटर लिहून प्रत्येक ठिकाणचा दाब काढायला सांगा आणि विचारा, ३० मीटरवरून १० मीटरवर आलं तर दाब किती पटीनं घटला? आणि १० वरून पृष्ठभागावर आलं तर? दोन्ही उत्तरं सारखीच येतात, निम्मा. एकदा वीस मीटर चढून, एकदा दहाच मीटर चढून. पृष्ठभागाजवळच जास्त जपून का यायचं, हे त्या फळ्यावर मुलांना दिसेल.

ते दिसलं की प्रशिक्षकानं पाण्याखाली थांबायची खूण केल्यावर आपण का थांबतोय, हे मुलाला कळलेलं असेल. घरी हट्ट धरणाऱ्या मुलालाही पालकांनी आधी हाच प्रश्न विचारून बघावा.